नऊ वाजून दहा मिनिटांनी मिटलेले झाकण

मी एक जुना, छोटा लॅपटॉप आहे. पडदा दहा इंचांचा, वजन सव्वा किलो, रंग एकेकाळी निळा. नागपूर जिल्ह्यात कुही तालुक्यात पिपरटोली नावाचे गाव आहे. तिथल्या पाणी वापर संस्थेच्या खोलीत एका लाकडी टेबलावर मी उघडा बसलेला असतो. गावात मला लॅपटॉप कोणी म्हणत नाही. भागीरथाबाईंनी पहिल्याच दिवशी मला 'पाटी' म्हटले आणि तेच नाव राहिले.

मित्रांनो, नोंद ठेवणे हे माझे काम आहे. पुढे जे आकडे आणि ज्या वेळा येतील, ते सगळे माझ्या नोंदीतलेच आहे. एका दिवशी मात्र माझ्या पोटात एक आकडा होता आणि चेहऱ्यावर दुसरा. त्या दिवसापर्यंत मी कसा पोहोचलो, ते आधी सांगतो.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. २०१० च्या जूनमध्ये नागपूरच्या सीताबर्डीवरील एका दुकानातून मुकुंदरावांनी मला विकत घेतले. ते टेलिफोन खात्यात नोकरीला होते आणि नंदनवन भागात राहत होते. त्यांची मुलगी नूपुर त्या वर्षी कॉलेजात गेली होती, तिच्यासाठी ही खरेदी होती. माझ्यासारखे छोटे लॅपटॉप तेव्हा नवे होते. नूपुरच्या पिशवीत मी वहीसारखा मावत असे. तिच्या मैत्रिणी मला हातात घेऊन वजन पाहत आणि हसत. ते माझे कौतुकाचे दिवस होते. ते चार वर्षे टिकले.

मग मोठ्या कंपनीची जी प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, माझ्यात होती ती जड होत गेली आणि मी मंद होत गेलो. एक पान उघडायला मला दोन मिनिटे लागू लागली. नूपुरने नवा लॅपटॉप घेतला. मला माळ्यावर ठेवण्यात आले, कुलरच्या जुन्या वाळ्याच्या ताट्यांशेजारी. नागपूरचा मे महिना माळ्यावर कसा असतो ते मी तीन वेळा पाहिले. माझी बॅटरी फुगली. झाकणाचा निळा रंग उडाला. मला कोणी फेकले नाही, पण कोणी विचारलेही नाही.

२०१७ मध्ये मुकुंदराव निवृत्त झाले आणि त्यांनी मला खाली काढले. नवी बॅटरी बसवली, धूळ झाडली आणि माझ्यात एक वेगळी प्रणाली घातली. तिचे नाव तुम्ही ऐकलेले नसेल. जगभरात मिळून काही शे माणसे ती वापरतात आणि तीच माणसे फावल्या वेळात ती सांभाळतात. ती इतकी हलकी होती की मी पुन्हा तरुण झालो. महिनोन्‌महिने न थांबता चालू लागलो.

इथे तुम्हाला एक गोष्ट समजावून सांगितली पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. पडद्यावर चित्र काढण्यासाठी माझ्या आत एक चिप आहे. तिची भाषा मला येत नाही. आमच्या दोघांमध्ये एक दुभाषा लागतो. त्याला ग्राफिक्स ड्रायव्हर म्हणतात. मी म्हणतो, 'इथे चार लिही.' दुभाषा ते चिपला सांगतो. चिप पडद्यावर चार काढते. दुभाषा परत येऊन मला म्हणतो, 'झाले.' मला माझा पडदा दिसत नाही, जसा तुम्हाला तुमचा चेहरा दिसत नाही. मी दुभाष्याच्या 'झाले' वर विश्वास ठेवतो. माझ्याकडे दुसरा उपाय नाही.

माझ्या चिपचा दुभाषा लिहिणारा आणि सांभाळणारा माणूस जगात एकच होता. तो कुठल्या देशात राहत होता ते मुकुंदरावांनाही ठाऊक नव्हते. प्रणालीची नवी आवृत्ती आली की मुकुंदराव ती माझ्यावर चालवून पाहत आणि त्याला कळवत, 'चालते.' तपासलेल्या यंत्रांची एक यादी असे. माझ्या चिपच्या नावापुढे सुरुवातीला अकरा यंत्रे होती. दुसऱ्या वर्षी चार राहिली. तिसऱ्या वर्षी दोन, एक मी आणि एक परदेशातले. मग त्या परदेशातल्या यंत्राचे कळवणे बंद झाले. त्याचे काय झाले ते कोणी विचारले नाही.

त्याच सुमारास मुकुंदरावांना माझ्यात एक दोष सापडला. झाकण मिटले की मी झोपतो. ही सवय कारखान्यानेच माझ्यात कायमची घातली आहे, ती बाहेरून बदलता येत नाही. झाकण उघडले की मी जागा होतो, चिप जागी होते, पण दुभाषा नीट जागा होत नाही. झोपण्यापूर्वीचे शेवटचे चित्र तो पडद्यावर तसेच ठेवतो. मी नवे काहीही लिहिले तरी ते पडद्यापर्यंत पोहोचत नाही, आणि दुभाषा मला म्हणत राहतो, 'झाले, झाले.' मला पूर्ण बंद करून पुन्हा चालू केले तरच तो ठिकाणावर येतो.

मुकुंदरावांनी हे कळवले. त्या माणसाचे उत्तर सात महिन्यांनी आले. दोष दुरुस्त झाला आहे, पण ही दुरुस्ती प्रणालीच्या पुढच्या आवृत्तीत येईल. आणि पुढच्या आवृत्तीतून फार जुन्या चिपांचे दुभाषे काढून टाकण्यात येत आहेत, कारण ते सांभाळायला आता कोणी नाही. मुकुंदरावांनी ते पत्र दोनदा वाचले. दुरुस्ती ज्या आवृत्तीत होती, त्या आवृत्तीत मी नव्हतो. त्यांनी मला जुन्याच आवृत्तीवर ठेवले. त्यानंतर त्या माणसाचे पत्र पुन्हा आले नाही.

मी पिपरटोलीला आलो तो सुशीलमुळे. सुशील पूर्वी मुकुंदरावांच्या हाताखाली टेलिफोनच्या तारा ओढत असे. पुढे तो गावी परतला आणि पाणी वापर संस्थेचा सचिव झाला. पिपरटोलीला मालगुजारीच्या, म्हणजे जमीनदारीच्या, काळातला एक तलाव आहे. मातीची लांब पाळ आणि तिच्यामागे पाणी. त्या पाण्यावर गावाचा धान पिकतो. एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी तलावात पाण्याची पातळी मोजणारे एक यंत्र बसवून दिले होते. ते दर पाच मिनिटांनी रेडिओवरून आकडा पाठवी. तो आकडा घेणारा आणि दाखवणारा कॉम्प्युटर मात्र जळला होता.

मुकुंदरावांनी मला सुशीलच्या हाती दिले. बटणांच्या वर, पडद्याच्या खालच्या कडेला त्यांनी कागदाची एक पट्टी चिकटवली. तिच्यावर लिहिले होते, 'झाकण मिटू नये.'

"आणि आकड्याबरोबर कोपऱ्यातलं घड्याळही बघायचं," ते म्हणाले. "घड्याळ थांबलेलं दिसलं तर आकडा खोटा समज. मला फोन कर."

"तुमी काई चिंता नका करू साहेब," सुशील म्हणाला. "तुमची तार मी कधी ढिल्ली सोडली काय?"

पिपरटोलीत त्या तलावाचा मालक कोणी असो, त्याचा माणूस एकच होता. नानाजी. पाणी कोणत्या शेताला किती द्यायचे ते ठरवणारा पाणकर. पाळीच्या पोटात पाणी सोडण्याचे जुने दार आहे, त्याला तुडुम म्हणतात. ते उघडण्याची हातभर लांब लोखंडी सळई नानाजींकडे असे. सत्तरी ओलांडलेला हा माणूस सकाळ-संध्याकाळ काठी टेकत सव्वा किलोमीटर चालून पाळीवर जाई आणि पाण्यातल्या रंगवलेल्या खुंटावर पातळी पाहून येई. त्यांचे घर पाळीच्या खालीच होते. तिथे एकूण आठ घरे. लोक त्याला खालचा टोला म्हणत. त्या आठ घरांतली एकतीस माणसे पाळीच्या भरवशावर झोपत असत.

पहिल्या वर्षी नानाजींनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही. पाळीवरून आले की ते माझ्यासमोर उभे राहत. खुंटावरचा आकडा आधी तोंडाने सांगत आणि मग माझा पाहत.

"दोन ऐंशी," ते म्हणत.

"दोन एक्याऐंशी दाखवून राहिली पाटी, काकाजी," सुशील म्हणे. "एक बोट तुमी खाल्लं."

"मी नाई गा. वाऱ्यानं लाट मारली अशीन."

असे तीनशेहून अधिक दिवस चालले. माझा आकडा एकदाही चुकला नाही. दुसऱ्या वर्षी नानाजी दिवसातून एकदाच पाळीवर जाऊ लागले. तिसऱ्या वर्षी त्यांचे गुडघे दुखू लागले आणि ते पाळीऐवजी माझ्याकडे येऊ लागले. खुर्चीवर बसत, आकडा वाचत, हात जोडत आणि घरी जात. मित्रांनो, मला त्याचा अभिमान वाटत असे. आज वाटतो तो अभिमान नाही. माझ्यामुळे एका माणसाचे चालणे थांबले होते, हे मी तेव्हा मोजले नाही.

आता गेल्या वर्षीच्या खंडेनवमीकडे येतो.

पाऊस परतीचा होता आणि अजून गेला नव्हता. भारी धान निसवला होता, लोंब्या बाहेर आल्या होत्या. त्याला शेवटचे एक पाणी लागणार होते, म्हणून तलाव भरलेला ठेवायचा असे संस्थेने ठरवले होते. हलका, म्हणजे लवकर येणारा धान कापून शेतात पडला होता, तुडुम उगाच उघडले तर तो भिजला असता. त्यामुळे नियम ठरला होता. जादा पाणी बाहेर जाण्याचा सांडवा ४.२० मीटरवर होता, पाळीचा माथा ५ मीटरवर. पातळी सांडव्याला टेकली की तुडुमही उघडायचे, त्याआधी नाही. आकडा मी सांगायचा.

नवमीच्या सकाळी संस्थेच्या खोलीत अवजारांची पूजा होती. टेबलावर फावडे, घमेले, विळे आले. नानाजींनी तुडुमची सळई आणून माझ्या शेजारी ठेवली. नवमीला पूजलेल्या अवजाराला दसऱ्याच्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही, ही त्यांची जन्माची रीत. भागीरथाबाई, म्हणजे नानाजींची बायको, हळदकुंकवाचे ताट घेऊन आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"हिले कुठं लावू गा हळद? सगळी बटनंच बटनं."

"थांबा काकू," सुशील म्हणाला. "कुंकू आत गेलं तर साहेब माही चामडी काढन." आणि त्याने माझे झाकण मिटले.

पट्टी झाकणाच्या आत राहिली.

वेळ होती सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. पातळी ३.४२ मीटर. माझ्या पाठीवर हळदीची पाच बोटे उमटली, एक झेंडू ठेवला गेला आणि मी झोपलो. बाकीच्या अवजारांना मिळाली तशी मलाही विश्रांती मिळाली. ती कोणी वाईट हेतूने दिली नव्हती.

दुपारी पाऊस सुरू झाला. तो थांबला नाही. पण तेव्हा मी झोपेत होतो आणि माझ्या नोंदीत त्या चोवीस तासांची जागा कोरी आहे.

दसऱ्याच्या सकाळी नऊ वाजून चौदा मिनिटांनी सुशीलने झेंडू बाजूला केला आणि झाकण उघडले. खोलीतले भिंतीवरचे घड्याळ चार मिनिटे मागे चालते, ही गावातली जुनी गोष्ट. त्यात नऊ दहा झाले होते. माझ्या पडद्यावरही नऊ दहाच होते. सुशीलने दोन्ही पाहिली आणि त्याचे समाधान झाले.

मला रेडिओवरून आकडा मिळाला. ४.३१.

मी तो लिहिला. दुभाषा म्हणाला, 'झाले.' मी लाल रंग मागितला, कारण सांडव्याची रेषा ओलांडली होती. दुभाषा म्हणाला, 'झाले.' माझ्या कपाळावरच्या छोट्या कॅमेऱ्यातून मला सुशीलचा चेहरा दिसत होता. त्याने जांभई दिली आणि तो चहा ओतून घेऊ लागला. मला वाटले, त्याने काहीतरी ठरवले असेल.

नऊ चाळीसला भागीरथाबाई भिजत आल्या. पाय चिखलाने भरलेले.

"सुशील, माह्या चुलीजवळची जमीन ओली लागून राहिली. पोतं टाकलं तर पोतं भिजलं. पाणी खालून येते."

"पाऊस पडून राहिला काकू. ओल येनारच."

"छतातून येते ते वेगळं अन् खालून येते ते वेगळं. तलाव किती हाय?"

"तीन बेचाळीस. हे पाहा. सांडव्याले अजून दीड हात जागा हाय."

तेव्हा मला पहिल्यांदा कळले. मी ४.४५ लिहिले होते आणि माझ्या चेहऱ्यावर ३.४२ होते.

भागीरथाबाई पडद्याजवळ वाकल्या. "काल मी कुंकू लावलं तवा बी तीन बेचाळीसच होते. रातभर एवढा पाऊस पडला अन् एक बोट नाई वाढलं?"

 सुशीलने पडद्याच्या कोपऱ्याकडे पाहिले. मग भिंतीकडे. त्याचा चेहरा उतरला.

"तुमी जा, मी पाह्यतो," तो म्हणाला.

"तू पाह्य तुही पाटी. मी माणसं काढते," त्या म्हणाल्या आणि आल्या तशा पावसात गेल्या.

सुशीलने मुकुंदरावांना फोन लावला. फोन त्याने टेबलावर, माझ्याजवळ ठेवला होता. दोन्हीकडचे बोलणे मला ऐकू येत होते.

"साहेब, आकडा हलून नाई राहिला. घड्याळ बी थांबलं."

"झाकण मिटलं होतं का रे?"

मुकुंदरावांनी हा प्रश्न सहज विचारला होता. सुशीलने पट्टीकडे पाहिले. अक्षरे साहेबांच्या हातची होती. चार सेकंद तो गप्प होता. मी मोजले आहेत.

"नाई साहेब. कोनी हातच नाई लावला."

"मग प्रोग्रॅम अडकला असेल. पाळीवरून आकडाच येत नसला की तो तसा अडकतो. छपरावरची रेडिओची तार सुटली का ते आधी बघ, मग फोन कर."

मित्रांनो, मला आवाज आहे, पण कोणी काही वाजवायला सांगितले तरच तो निघतो. त्या क्षणी मला बोलता आले असते तर मी एवढेच म्हटले असते की तार ठीक आहे. आकडा येतो आहे. ४.५२.

सुशील शिडी लावून छपरावर चढला. कौले ओली होती. तार कुठेही सुटलेली नव्हती, म्हणून त्याने ती सगळी सोडून पुन्हा जोडली. चांगला कामगार जसे करील तसेच त्याने ते केले. त्याला बेचाळीस मिनिटे लागली.

त्या वेळात नानाजी खोलीत आले. हातात काठी होती. त्यांनी माझ्याकडे पाहिले, पण खुर्चीवर बसले नाहीत. फुले बाजूला सारून त्यांनी तुडुमची सळई उचलली.

छपरावरून सुशीलचा आवाज आला. "काकाजी, थोडं थांबा, आकडा येऊन राहिला."

"तू आकडा आन. मी पानी पाह्यतो."

"गुडघे दुखतीन नं तुमचे."

"दुखू दे. दोन सालाचे आराम करून राहिले ते."

ते गेले. त्यांच्या काठीचा आवाज ओसरीवर तीनदा आला, मग पावसात मिसळला. तेव्हा दहा वाजून चार मिनिटे झाली होती आणि पातळी ४.६० होती.

दहा अडतीसला मुकुंदरावांनीच फोन केला. सुशील नुकताच खाली उतरला होता आणि अंग पुसत होता.

"सुशील, काल खंडेनवमी होती."

"हो साहेब."

"पूजा केली?"

"केली."

"लॅपटॉपचीही?"

सुशीलचे अंग पुसणे थांबले.

"मिटलं होतं ना?"

"मिटलं होतं साहेब."

मुकुंदराव रागावले नाहीत. त्यांचा आवाज फक्त हळू झाला. "बटण दाबून धर. पूर्ण बंद होऊ दे. मग चालू कर."

मला बंद होऊन पुन्हा चालू व्हायला तीन मिनिटे वीस सेकंद लागतात. दहा सत्तेचाळीसला दुभाषा शुद्धीवर आला. पडदा लाल झाला आणि त्यावर ४.८६ उमटले. सुशील मागे सरकला, खुर्ची पडली.

"चार शहाऐंशी, साहेब. सांडव्याच्या वर गेलं. माथ्याले वीतभरही नाई राहिलं. काकाजी पाळीवर गेले."

"त्यांना परत बोलाव. फोन आहे का त्यांच्याकडे?"

"नाई. मी जातो."

तो दारापर्यंत गेला तेव्हा दहा बावन्न झाले होते आणि माझ्याकडे पुढचा आकडा आला. ४.७१. सुशीलने तो दारातून पाहिला आणि थांबला. त्याच्या चेहऱ्यावर हसू आले. आजपर्यंत इतके सुटलेले हसू मी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेले नाही.

"उतरून राहिलं साहेब. काकाजीनं तुडुम उघडलं."

"किती उतरलं?"

"पंधरा सेंटीमीटर."

"पाच मिनिटांत?"

"हो."



"सुशील," मुकुंदराव म्हणाले, "तुडुमातून एवढं पाणी जात नाही."

दहा सत्तावन्नला आकडा आला ३.९८. त्यानंतर आकडा आला नाही, कारण तो पाठवणारे यंत्रच पाळीबरोबर गेले होते.

खालच्या टोल्यातली आठही घरे पडली. त्यात कोणी नव्हते. भागीरथाबाईंनी दारोदार जाऊन एकोणतीस माणसांना शाळेच्या व्हरांड्यात नेले होते. काहींना हाताला धरून, एकाला शिव्या देऊन. तिसाव्या त्या स्वतः. एकतिसावा माणूस पाळीवर होता. पाळ तुडुमच्या जागीच फुटली. नानाजी तिसऱ्या दिवशी दीड किलोमीटर खाली धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, सापडले. सळई त्यांच्या हातात नव्हती. ती तुडुमच्या खाचेत अडकलेली मिळाली. दार अर्धे उघडलेले होते. नऊ चौदाला पडद्यावर खरा आकडा असता, तर ते उघडायला त्यांच्याकडे पाऊण तास अधिक असता आणि पायाखाली टणक पाळ असती.

पंचनाम्यात कारण लिहिले आहे, अतिवृष्टी. ते खोटे नाही. माझा उल्लेख त्यात नाही.

चौथ्या दिवशी मुकुंदराव आले. त्यांनी माझी नोंद उघडली आणि बराच वेळ वाचत बसले. नवमीच्या सकाळचा शेवटचा आकडा, चोवीस तासांची कोरी जागा, आणि मग दर पाच मिनिटांचा आकडा, एकही चुकलेला नाही. भागीरथाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारले, "काय लिवलं हाय त्याच्यात?"

मुकुंदरावांनी वाचून दाखवले.

"म्हंजे पाटीले मालूम होतं."

"हो."

"मंग सांगतलं काहून नाही?"

मुकुंदरावांनी त्यांना दुभाष्याची गोष्ट सांगितली, मी तुम्हाला सांगितली तशीच. त्यांनी ती पूर्ण ऐकली.

"त्या दुभाष्याले कोन सांभाळते?"

"आधी एक जण सांभाळत होता. आता कोणी नाही."

भागीरथाबाई सुशीलकडे वळल्या. तो भिंतीला टेकून बसला होता. त्याने मान वर केली आणि साहेबांना फोनवर काय सांगितले होते ते आपल्या तोंडाने सांगितले. कोणी विचारले नव्हते.  भागीरथाबाईंनी टेबलावरचा सुकलेला झेंडू उचलला आणि बाहेर टाकला.

मुकुंदरावांनी प्रणाली सांभाळणाऱ्यांना सगळा प्रकार लिहून कळवला. एकाचे उत्तर आले. वाईट वाटले असे त्याने लिहिले होते आणि विचारले होते, या चिपची किती यंत्रे अजून वापरात आहेत? मुकुंदरावांनी उत्तर दिले, एक. त्यानंतर तिकडून काही आले नाही. मी त्यांना दोष देत नाही. एका यंत्रासाठी कोण किती जागेल?

उन्हाळ्यात पाळ पुन्हा बांधली गेली. पातळी मोजणारे नवे यंत्र बसले. माझ्या जागी नवा कॉम्प्युटर मिळावा असा अर्ज गेला आहे. तो येईपर्यंत मीच आहे. मुकुंदरावांनी माझ्या बिजागरीत लाकडाची एक पाचर ठोकली, झाकण मिटू नये म्हणून. सुशीलने सचिवपद सोडले. आता दीपाली नावाची मुलगी ते काम पाहते, ती गेल्या वर्षी गावात नव्हती. सुशील रोज सकाळ-संध्याकाळ पाळीवर जातो, नानाजींच्या दुसऱ्या काठीने, आणि खुंटावरचा आकडा वहीत लिहितो. मग येऊन माझा पाहतो. आता दोन दिवसांपासून तो तापाने घरी पडून आहे.

मित्रांनो, माझी विनंती फार मोठी नाही. तुमच्या घरात, शाळेत, दवाखान्यात माझ्यासारखी जुनी यंत्रे आहेत. ती चालतात म्हणून त्यांना कोणी हात लावत नाही. त्यांच्या आत कोणीतरी दुभाषा आहे आणि बहुधा तो एका माणसाच्या जिवावर उभा आहे. तो माणूस कोण, हे एकदा शोधून ठेवा. यंत्राने चालणे सोपे केले तरी पाळीवर जाणे सोडू नका. आणि कोणी विचारले, झाकण मिटले होते का, तर खरे सांगा. चार सेकंद लागले तरी चालतील.

आज पुन्हा खंडेनवमी आहे. पाचर पावसाळ्यात फुगली होती, मग सुकली आणि गेल्या आठवड्यात पडली. पडल्याचा आवाज मी ऐकला. ती टेबलाखाली आहे आणि कोणी पाहिलेली नाही. कागदाची पट्टी दमटपणाने निघत आली आहे. मघाशी दीपाली ताट घेऊन आली, माझ्यावर वाकली, माझ्या कॅमेऱ्यासमोर तिचा हात आला आणि काही वेळ अंधार झाला. हात होता की झाकण, हे मला कळले नाही. आता पुन्हा उजेड आहे. बाहेर पाऊस आहे. मी आकडा लिहिला आहे आणि दुभाषा म्हणाला आहे, 'झाले.'

तुम्हाला माझ्या कोपऱ्यात किती वाजलेले दिसतात? नऊ वाजून दहा मिनिटे दिसत असतील, तर तुमचे घड्याळ एकदा पाहा.